मांडवभर फुलं, पण दुधी धरत नाही. धरला तो कडू

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. एकाच मांडवावर दुधीचे तीन वेल, शिवाय घोसाळं, काकडी आणि कर्टोलीचा एक वेल आहे. काकडी आणि घोसाळं बरी लागतात. दुधी फुलांनी लगडलेत, पण खालची इवली फळं बोटाएवढी होऊन पिवळी पडतात नि गळतात. कर्टोलीला सलग दुसऱ्या वर्षी फुलं आली, फळ एकही नाही. दुधीच्या एका वेलाला एकच फळ नीट वाढलं, ते कडूजहर निघालं. तिन्ही वेलांचं बी गेल्या वर्षी घरच्याच फळातून धरलेलं होतं. मधमाश्यांना त्रास नको म्हणून तुम्ही कडुनिंबाच्या अर्काची फवारणी संध्याकाळी करता. तुमचं विचारणं असं: खत कोणतं देऊ, शेजारच्या कारल्यामुळे दुधी कडू झाला का, तो खाल्ला तर चालेल का, आणि एखादं फळ वाळवून भांडं किंवा अंग घासायची जाळी करता येईल का?

सगळ्यात आधी ते कडू फळ टाकून द्या. शिजवून, पिळून, मीठ लावून काही होत नाही. दुधीतला कडूपणा हे विष आहे आणि ते शिजवल्यावरही टिकतं. त्याचा रस तर अजिबात पिऊ नका; रसातून कमी वेळात जास्त मात्रा पोटात जाते. त्याने उलट्या, पोटात कळा, जुलाब, कधी रक्त पडणं, रक्तदाब घसरणं इथपर्यंत जातं. त्यावर नेमका उतारा नाही, डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात. कुणी खाल्लं असेल आणि उलट्या सुरू झाल्या असतील तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. बाकीचं उत्तर सावकाश वाचलं तरी चालेल.

आता खताबद्दल. माझ्या मते तुमची अडचण खताची नाहीच. वेल जोमदार आहे, फुलं भरपूर आहेत, म्हणजे पोटापाण्याचं ठीक चाललंय. अडचण आहे ती परागाची: कुठलं फूल नर, कुठलं मादी, पराग कोणत्या वेळी तयार होतो, तो कोण नेतं आणि कुणाचा कुणाला चालतो. फळ न धरणं, कर्टोली वांझ राहणं आणि दुधी कडू निघणं, तिन्ही गोष्टी यातूनच आल्यात, फक्त कडूपणाचं कारण गेल्या वर्षीच्या परागात आहे.

भोपळा कुळातल्या बहुतेक वेलांवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. दुधी, काकडी, कारलं, दोडका, पडवळ, लाल भोपळा, कलिंगड यांत दोन्ही एकाच वेलावर असतात. कर्टोली, तोंडली, परवल यांत वेलच वेगळे: एक नर, एक मादी. ओळखायला पाकळ्यांकडे बघूच नका, पाकळीच्या खाली बघा. नर फुलाचा देठ सरळ, बारीक, लांब असतो. मादी फुलाच्या खाली, देठ आणि पाकळ्या यांच्यामध्ये, फळाचंच छोटं रूप असतं. दुधीत ते हिरवं, दाट पांढरट लव असलेलं असतं. ते म्हणजे अंडाशय. इथेच गफलत होते. ते इवलं फळ दिसलं की माणसाला वाटतं, धरलं. प्रत्यक्षात ते कळीबरोबरच आलेलं असतं. पराग पोचला तर वाढतं, नाही पोचला तर तीन-चार दिवसांत टोकाकडून पिवळं पडून गळतं. तुमचं नेमकं हेच होतंय. म्हणजे वेल मादी फुलं देतोय, आणि ही चांगली बातमी आहे.

कारण काही जणांकडे मादी फुलंच येत नाहीत, आणि त्याची कारणं निराळी असतात. सुरुवातीचे काही आठवडे बहुतेक जाती नुसती नर फुलं देतात, तेव्हा घाबरायचं कारण नसतं. पुढेही एका मादी फुलामागे दहा-पंधरा नर फुलं असणं अगदी सामान्य आहे. हे प्रमाण जातीवर तर आहेच, पण हवामानावरही आहे: दिवस मोठा, ऊन कडक असेल तर नर फुलं वाढतात, दिवस लहान आणि रात्री गार असतील तर मादी वाढतात. नत्र जास्त पडलं की वेल नुसता पानांनी माजतो. म्हणूनच तुम्ही युरिया टाकला तर मदत व्हायच्या ऐवजी नुकसान व्हायची शक्यता जास्त. झाडाच्या आत हा हिशेब संप्रेरकांवर चालतो: इथिलीन मादीकडे ओढतं, जिबरेलिन नराकडे. व्यावसायिक शेतीत दोन ते चार पानांच्या रोपांवर इथ्रेल, म्हणजे इथिलीन सोडणारं औषध, फवारतात ते यासाठीच. घरच्या मांडवाला त्याची गरज नाही. दुधीचा मुख्य शेंडा खुडला की बगलफुटी येतात, आणि मादी फुलं बगलफुटींवर लवकर नि जास्त येतात. तेवढं पुरे.

मग तुमच्याकडे पराग पोचत का नाही? इथे काकडी आणि घोसाळ्याने मला उत्तर दिलं. या कुळातल्या फुलांच्या उमलण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत. काकडी, लाल भोपळा, कारलं, घोसाळं ही पिवळी फुलं पहाटे ते सकाळी उमलतात आणि मधमाश्यांवर अवलंबून असतात. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, पडवळाचं झालरीचं फूलही रात्रीचंच. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे रात्री उडणारे पतंग. कर्टोलीही संध्याकाळची. दोडका मात्र गंमतीदार आहे: घोसाळ्याचा सख्खा भाऊ, फूलही पिवळंच, पण उमलतो सायंकाळी. तुमच्या मांडवावर सकाळची गिऱ्हाइकं येतायत, म्हणून काकडी-घोसाळं लागतंय; संध्याकाळची येत नाहीत. एक खात्री करून घ्या. काकडीच्या काही जाती परागाशिवायही फळ धरतात, म्हणून एक काकडी पिकेपर्यंत ठेवून चिरा. आत भरलेल्या बिया असतील तर मधमाश्या नक्की येतायत. नुसत्या पोचट पापड्या असतील तर काकडीची साक्ष धरू नका. तरी घोसाळं उरतंच.

(परागाशिवाय फळ आणि बिनबियांचं फळ या मात्र एकच गोष्टी नव्हेत. बिनबियांच्या कलिंगडालाही पराग लागतोच. नेहमीच्या कलिंगडात २२ गुणसूत्रं असतात, कोल्चिसिन हे रसायन वापरून ती ४४ करतात आणि या दोघांचा संकर केला की ३३ वाली संतती मिळते. तिच्यात बी नीट तयार होत नाही. किहारा या जपानी शास्त्रज्ञाने हे काम १९५१ साली सविस्तर प्रसिद्ध केलं. पण त्या वेलाचा स्वतःचा पराग निकामी असतो, म्हणून शेतात मधूनमधून साध्या कलिंगडाचे वेल लावावे लागतात, नाहीतर फळच धरत नाही.)

आता तुमची संध्याकाळची फवारणी. मधमाश्या घरी गेल्यावर फवारा, हा सल्ला काकडी-भोपळ्यासाठी अगदी बरोबर आहे. पण दुधीसाठी तीच सर्वात वाईट वेळ. फूल नुकतंच उमललेलं, पराग मोकळा झालेला, आणि तेवढ्यात त्यावर पाण्याचे तुषार. भिजलेला पराग कामाचा राहत नाही, आणि उग्र वासाने पतंगही फिरकत नसतील. दुधीचं फूल सकाळपर्यंत थोडंफार उघडं असतं, तेव्हा मधमाश्या उरलंसुरलं काम कधी कधी करतात, पण तोवर पाकळ्या मिटायला आलेल्या असतात. शिवाय मांडवावर रात्रभर दिवा जळत असेल तर तोही बंद करून बघा. पतंग दिव्याभोवतीच फिरत राहतात. मिश्र मांडवावर संपूर्ण वेल भिजवायला सुरक्षित अशी वेळच सापडत नाही. मी तरी अशा ठिकाणी सरसकट फवारणी करत नाही. कीड दिसेल त्या पानाच्या खालच्या बाजूला हातपंपाने, फुलं चुकवून, भर दुपारचं ऊन टाळून मारतो.

पण पतंगांची वाट बघत बसायची गरज नाही. हाताने परागीभवन करा. संध्याकाळी फुलं पूर्ण उघडली की त्याच दिवशी उमललेलं एक नर फूल देठासकट तोडा. पाकळ्या मागे दुमडा किंवा काढून टाका. मध्ये पुंकेसरांचा वळलेला गोळा दिसेल. बोटाच्या टोकाला लावून बघा, पिवळसर भुकटी चिकटली तर पराग तयार आहे. या कुळाचा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने उडत नाही, म्हणून नुसता वेल हलवून काही होत नाही. आता मादी फुलात बघा: मध्ये तीन जाड, दुभंगलेल्या गाद्या दिसतात. तिन्हींवर तो गोळा हलक्या हाताने फिरवा. एकाच गादीवर घासलंत तर फळ एका बाजूने वाढून वाकडं होतं, कारण प्रत्येक गादीचा पराग आतल्या बियांपर्यंत जातो आणि जिथे बी भरतं तिथला गर फुगतो. एका मादी फुलाला दोन नर फुलं वापरली तर आणखी चांगलं. त्याच वेलाचं नर फूल चालतं. केलेल्या फुलाच्या देठाला सैल दोरा बांधा. पाच-सहा दिवसांनी दोरावाली फळं वाढतायत आणि बिनदोऱ्याची गळतायत असं दिसलं, तर निदान पक्कं. हवा फार तापली असेल, पस्तीस अंशांच्या वर, तर पराग अशक्त असतो आणि हे करूनही काही फळं गळतील.

दोरावालीही सगळी गळाली तर दोन गोष्टी तपासा. गळलेलं फळ ब्लेडने उभं चिरा. आत पांढऱ्या, उडी मारणाऱ्या बारीक अळ्या असतील तर ती फळमाशी. सालीवर टोचल्याची खूण आणि त्यावर डिंकाचा थेंबही दिसतो. असं फळ कचऱ्यात टाकू नका, खोल पुरा, आणि नवीन फळं फूल गळताच कागदाच्या पिशवीत झाका. क्यू-ल्युअर या गंधाच्या आमिषाच्या सापळ्याने नर माश्या पकडता येतात, पण एकट्या मांडवाला पिशवीच जास्त भरवशाची. दुसरं म्हणजे वेलावर एखादं जून फळ लटकतंय का ते बघा. बी भरत असलेलं फळ वेलाची ताकद स्वतःकडे ओढतं आणि मागून येणारी कोवळी फळं वेल स्वतःच टाकतो. म्हणून खायची फळं कोवळी असतानाच सारखी तोडत राहायची.

कर्टोलीचं उत्तर सोपं आहे, पण त्याला एक ऋतू लागेल. वेल एकच आहे, म्हणजे तो नुसता नर तरी आहे किंवा नुसता मादी. पाकळ्यांखाली मऊ काट्यांचं इवलं बोंड दिसतंय का बघा. दिसलं तर मादी आहे आणि तिला नर वेल हवा. सात-आठ मादी वेलांना एक नर पुरतो. बोंड नसेल तर तुमचा वेल नर आहे, त्याला जन्मभर खत घाला, फळ येणार नाही. बियांपासून लावू नका: उगवण रखडते आणि निम्मे वेल नर निघतात, तेही फूल आल्यावरच कळतं. मादी हवी असेल तर ज्या वेलाला फळं लागलेली पाहिलीत त्याचा कंद घ्या, नर हवा असेल तर फुलांखाली बोंड नसलेल्या वेलाचा. कंदातून येणारा वेल मूळ वेलाच्याच लिंगाचा असतो. तोंडलीतही हेच, तिथे तर माणसासारखी एक्स आणि वाय गुणसूत्रं नर-मादी ठरवतात, म्हणूनच ती फांदीच्या तुकड्यापासून लावतात.

आता कारल्यावरचा आरोप. कारलं निर्दोष आहे, दोन कारणांनी. पहिलं, दुधी आणि कारलं वेगळ्या प्रजातीच नव्हे, वेगळ्या कुटुंबशाखेतले आहेत. त्यांचा संकर होत नाही. दोघांतही गुणसूत्रं २२ आहेत, पण नुसता आकडा जुळून काही होत नाही. काकडी आणि खरबूज तर एकाच प्रजातिगटातले, तरी काकडीत १४ आणि खरबुजात २४, त्यामुळे शेजारी लावले तरी एकमेकांत मिसळत नाहीत. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: फळाची साल आणि गर हा आईच्याच शरीराचा भाग असतो. पराग कुणाचाही असो, त्याचा ठसा उमटतो तो आतल्या बियांवर. म्हणजे यंदाच्या शेजाऱ्यामुळे यंदाचं फळ कडू होत नाही. फळ कडू आहे याचा अर्थ तो वेलच कडू आहे, आणि वेल कडू म्हणजे त्याचं बी ज्या फुलात तयार झालं तिथे गेल्या वर्षी कडू दुधीचा पराग पोचला असण्याची शक्यता सर्वाधिक. रानटी किंवा शोभेच्या तुंब्याचा एखादा वेल जवळपास असला तरी पुरतं. पाण्याचा ताण, कडक ऊन यांनीही कडूपणा वाढतो, विशेषतः काकडीत, पण तो सहसा देठाकडे आणि सालीखाली असतो. अख्खं फळ कडूजहर म्हणजे बियाण्यात मिसळ, असंच मी धरून चालतो.

हा कडूपणा क्युकरबिटासिन नावाच्या संयुगांचा. वेलाच्या दृष्टीने ते संरक्षण आहे. रानातले भोपळे बहुतेक कडूच असतात, माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोड फळाचं बी निवडत ते मागे सारलं, पुसलं नाही. काकडीत कडूपणा तयार करणारी नऊ जनुकं आणि त्यांना चालू-बंद करणारे नियंत्रक २०१४ साली शोधून काढले गेले. पाळीव काकडीत फळापुरतं ते बटण बंद असतं. गंमत म्हणजे ज्या कडूपणाने बाकीच्या किडी पळतात त्याच्याच ओढीने तांबडा भुंगेरा येतो आणि पानांची चाळण करतो. कारल्याचा कडूपणा याच रासायनिक घराण्यातला, पण संयुगं निराळी, म्हणून कारलं खातो तर कडू दुधी का नको, हा युक्तिवाद चालत नाही.

तर तीन वेलांचं असं करा. कडू फळ आलेल्या वेलाला खूण बांधा, त्याचं एकही फळ खायचं नाही. बाकी दोन वेलही त्याच बियाण्यातले, तेव्हा त्यांच्यावर आंधळा विश्वास नको: प्रत्येक फळ चिरल्यावर कच्चा छोटा तुकडा जिभेला लावून थुंकून टाका, जराही कडू लागलं तर फळ बाद. हाताने परागीभवन करताना कडू वेलाचं नर फूल चुकून वापरलं तर खायच्या फळाला धोका नाही, पण त्या फळाचं बी धरू नका. खरं तर यंदा दुधीचं बी धरूच नका. विकतच्या खात्रीच्या बियाण्यापासून पुन्हा सुरुवात करा. पुढे बी धरायचं असेल तर दुपारीच, उमलायच्या आत, नर आणि मादी कळ्यांची टोकं दोऱ्याने बांधून ठेवा. संध्याकाळी दोन्ही सोडून परागीभवन करा आणि मादी फूल पुन्हा बांधा. नुसत्या अंतराच्या भरवशावर राहायचं तर अर्धा ते एक किलोमीटर लागतं, ते घरी कुणाला जमणार. पाकिटावर संकरित असं लिहिलं असेल तर त्याचं बी धरून उपयोग नाही, पुढची पिढी सारखी येत नाही.

कडू वेल उपटायला मी सांगत नाही, कारण भांड्यासाठी तो उत्तम. दुधी ही माणसाने फार जुन्या काळी, सुमारे १०,००० वर्षांपूर्वी, वापरात आणलेली वनस्पती आहे, आणि ती आधी पोटासाठी नव्हे तर पात्रं, बुधले, मासेमारीची जाळी तरंगती ठेवणारे भोपळे यांसाठी. मूळ आफ्रिकेतली, पण अमेरिकेतही तितक्याच प्राचीन काळी सापडते. वाळलेलं फळ समुद्रात तरंगत राहतं आणि सात महिन्यांहून जास्त काळ खाऱ्या पाण्यात राहूनही आतलं बी उगवतं, हे प्रयोगाने दाखवलेलं आहे. तंबोऱ्याचा भोपळाही याच वर्गातला. वाळवायला एका वेलावर एक-दोनच फळं ठेवा, बाकी खुडा. देठ पूर्ण तपकिरी होईपर्यंत तोडू नका, नाहीतर साल आक्रसते. मग हवेशीर सावलीत टांगा. काही महिने लागतात, आणि मधल्या काळात सालीवर काळी-पांढरी बुरशी येते. ती फक्त वरची कात असते, सडलं समजून फेकू नका. हलवल्यावर बिया खुळखुळल्या की झालं. वरची कात ओल्या फडक्याने खरवडून काढा. कडू वेलाच्या भांड्यात खायचं-प्यायचं काही ठेवू नका, शोभेचं किंवा बियाणं साठवायचं म्हणून वापरा. टांगलेल्या जड फळांनी वेल तुटेल ही भीती मात्र फार धरू नका. तणावा, म्हणजे वेलाचा दोऱ्यासारखा पकडणारा कोंब, आधाराला धरला की मधोमध दिशा बदलून अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे गुंडाळतो आणि स्प्रिंगसारखा ताण झेलतो. डार्विनने १८६५ सालच्या आपल्या वेलींवरच्या निबंधात याचं वर्णन केलंय. मोठ्या फळाला खालून जाळीचा झोळा दिला की पुरे.

घोसाळ्याची जाळी त्याहून सोपी. फळ वेलावरच वजनाला हलकं आणि साल तपकिरी, कागदासारखी होऊ द्या. खालच्या टोकाला एक छोटं झाकण असतं, ते आपोआप सुटतं किंवा अंगठ्याने निघतं. फळ उलटं करून आपटलं की काळ्या बिया भुरभुर गळतात. साल पाण्यात भिजवून सोलली की आत धाग्यांची जी जाळी उरते ती फळात पाणी नि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांचीच. धुऊन उन्हात कडक वाळवा. वापरल्यावरही दर वेळी पूर्ण वाळू द्या, आणि वास यायला लागला की नवी घ्या.